बावीस इंचांचा ओटा

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. जुन्या कोटाच्या खिशात खडूचे तुकडे, सुतळी, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या जमतात, तसे ते जमत जातात आणि एक दिवस शिवण उसवते. माझ्या खिशातले निम्मे किस्से एकाच वर्षातले आहेत, साठ सालाच्या आगेमागचे, आणि ते सगळे एका स्वयंपाकघराचे आहेत. मी ते बरोबर सांगतो आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण खात्री असलेली माणसं आता राहिली नाहीत, म्हणून सांगतो!

* * *

मुळशीत, पौडपासून थोड्या अंतरावर आमची शाळा होती. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची चाळीस मुलं शाळेच्या वसतिगृहात राहत. मी हेडमास्तर. नावापुढे एम.एस्सी., बी.टी. होतं, पण घराला कुलूप लावल्यावर ते लागलं का हे पाहायला मी तीनदा परत जायचो!

चाळीस मुलांच्या भाकऱ्या सारूबाई एकट्या थापत. पंधरा वर्षं जमिनीवरच्या चुलीपुढे बसून त्यांचे गुडघे गेले होते. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांना पाटावरून उठताच येईना. दोन मुलांनी धरून उठवल्यावर त्या मला म्हणाल्या,

"गुरुजी, बसून सैपाक आता न्हाई हुनार. उभ्यानं करायचा वटा बांधून द्या. जूनला शाळा उघडंस्तवर न्हाई झाला, तर मी लेकीकडं चालले."

सारूबाई गेल्या असत्या तर वसतिगृह बंद झालं असतं. दुसरी बाई मिळत नव्हती, आणि मुलं परत गुरांमागे गेली असती. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "हा ओटा होणार. आणि या कामात मी एकदाही शंका घेणार नाही!"

ती म्हणाली, "नक्की ना?"

आणि मला पहिली शंका आली.

* * *

स्वयंपाकघर कमिटी तिघांची. मी, चित्रकलेचे देवकुळे सर आणि संस्कृतचे शास्त्रीबुवा. ऑफिसात तीन खुर्च्या मांडून मीटिंग सुरू झाली. तिघांपैकी कोणीही आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता!

शास्त्रीबुवा म्हणाले, "चूल आग्नेय कोपऱ्यात."

देवकुळे म्हणाले, "तिथे उजेड नाही. बाईंना भाकरी दिसायला नको?"

"अग्नी हाच उजेड!"

"मग कंदील विकून टाका बुवा!"

मी म्हणालो, "आधी बाईंचं माप घेऊ." हे माझं त्या दिवसातलं एकमेव शहाणं वाक्य, असं मला तेव्हा वाटलं.

सारूबाईंना बोलावलं. त्या आल्या आणि दारातच थांबल्या. ऑफिसच्या बाहेर दगडी पायरी होती, तिथेच त्या कायम उभ्या राहत. त्या दिवशी नुकतीच भांडी घासून आल्या होत्या. "पाय वल्लं हायेत," म्हणाल्या. देवकुळ्यांनी आतूनच टेप धरला. बाईंच्या कोपरापासून खाली सोडला, फरशीला टेकवला आणि आकडा वाचला. मी तो वहीत टिपला. चुलीची उंची वजा केली, परातीची वजा केली, हिशेब दोनदा तपासला. ओटा बावीस इंच!

"बाई ठेंगणी आहे," देवकुळे म्हणाले.

"असेल," मी म्हणालो. शंका घ्यायची नव्हती ना!

* * *

जानेवारीत विकास गटाच्या अधिकाऱ्यांनी खाण्याचे दोन मेळावे ठरवले. शनिवारी पौडला, रविवारी माल्याला. गावोगावच्या बायकांनी आपापला पदार्थ जागेवर रांधायचा आणि लोकांनी खायचा. मी कमिटीला म्हणालो, "तालुक्यातल्या सगळ्या चुली एका जागी पाहायला मिळणार. वही घ्या, टेप घ्या, चला!"

शास्त्रीबुवांनी वहीऐवजी ताट घेतलं.

पौडच्या मैदानात हुलग्याची शेंगोळी रटरटत होती, नव्या आंबेमोहोर तांदळाचा वास सुटला होता, नाचणीच्या भाकरीवर लसणाची चटणी मिळत होती. मी एका हातानं खात होतो आणि दुसऱ्यानं मापं घेत होतो. परात जमिनीपासून किती, बाईचा हात परातीपासून किती. एका बाईनं माझ्या टेपवर उलथणं हाणलं.

"मास्तर, जेवाय आलाय का झंपर शिवाय?"

सगळं मैदान हसलं. मी वहीत लिहिलं: 'उलथण्याची लांबी चौदा इंच.'

* * *

त्याच दुपारी वरच्या धनगरवाड्यावरची एक म्हातारी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत तीन दगड. तिनं चिमूटभर माती हवेत सोडली, ती कुठं जाते ते पाहिलं आणि दगड मांडून जाळ केला. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या, हिच्या चुलीचा धूर सरळ माळावर चालला होता!

शास्त्रीबुवा पुढे सरसावले. "आजी, ही आग्नेय दिशा का हो?"

"वाऱ्याची हाय."

"पण वारा पावसाळ्यात बदलतो!"

"मंग मी बी फिरते. तुमचं सैपाकघर फिरतं का?"

बुवांनी ताट खाली ठेवलं. परतताना बैलगाडीत म्हणाले, "हेडमास्तर, धुरांडं बांधा. उंच बांधा. चूल कुठेही ठेवा!"

दोन महिन्यांचा वाद तीन दगडांनी मिटला.

* * *

रविवारी माल्याला सारूबाईच आमच्या वतीनं उतरल्या होत्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. बसायला गेल्या, गुडघ्यातून कळ आली, तशाच उभ्या राहिल्या. शेजारी पिंपळाचा पार होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दगड उचलून पारावर चूल मांडली, परात ठेवली आणि उभ्यानं भाकरी थापायला लागल्या!

काय थापत होत्या! लोक रांग लावून खात होते. चार तासांत एकदाही कंबरेला हात लागला नाही. एक म्हातारबुवा तिसरी भाकरी मागत म्हणाले, "सारूबाय, पाराला प्रदक्षिणा घालत्यात, तू तर सैपाकघरच घातलंस!"

मी पाराची उंची मोजली. एकोणतीस इंच.

वहीत पाहिलं. बावीस.

आयुष्यभर ज्याला जिथेतिथे शंका आली, त्या माणसाच्या हातात टेप होता, समोर पार होता, आणि पाराशी सारूबाई हसत उभ्या होत्या. मी काय केलं असेल? टेप गुंडाळला आणि स्वतःला बजावलं, 'शंका घ्यायची नाही असं ठरलंय. खुल्या मैदानातला पार तो, इथली जमीन उंचसखल असणार!'

आणि दुसरी शेंगोळी घ्यायला गेलो. माल्याची शेंगोळी पौडपेक्षा चांगली होती. याबद्दल मात्र मला आजही खात्री आहे.

* * *

मे महिन्यात धोंडिबा गवंडी कामाला लागला. ओट्याचे तीन थर झाल्यावर तो मला शोधत आला.

"गुरुजी, ह्यो सैपाकाचा वटा हाय का बसायचा कट्टा?"

"प्लॅन आहे ना?"

"हाय की."

"प्लॅनप्रमाणे बांधा!"

इतक्या ठामपणे मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. धोंडिबा इतका दबला की जाताना त्यानं मला नमस्कार केला.

* * *

शाळा उघडायला चार दिवस असताना चूल पेटवली. धूर धुरांड्यातून सरळ वर गेला. देवकुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारूबाई ओट्याशी उभ्या राहिल्या, परातीकडे वाकल्या, आणखी वाकल्या, आणि कंबर धरून सरळ झाल्या.

"गुरुजी, ह्यो लई खाली हाय."

मी वही काढली. देवकुळे म्हणाले, "माप मी स्वतः घेतलं! बाई अशा दारात उभ्या होत्या, मी असा आत..." आणि बोलता बोलता थांबले.

आम्ही तिघं ऑफिसकडे गेलो. टेप घेऊन पायरी मोजली. पायरी ऑफिसच्या फरशीपेक्षा बरोबर सात इंच खाली होती.

बाई पायरीवर, टेप फरशीवर! त्यांना 'आत या' म्हणायचं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

मी परत जाऊन सगळं सांगितलं. "चूक माझी. ओटा पाडतो. चार दिवसांत पुन्हा बांधतो." पाडणार हे नक्की होतं. धोंडिबाला पहार आणायलासुद्धा सांगितलं.

सारूबाईंनी ओट्यावरून हात फिरवला. "पाडू नगा. धुरांडं बी हालंल. त्या दिशी मी पायरीवर हुते न्हवं? मंग हितं बी पायरी करा. वटा तसाच ऱ्हाऊ द्या, मला खाली घ्या!"

धोंडिबानं ओट्यापुढची जमीन सात इंच खोदून फरशी बसवली. सारूबाई आत उतरल्या आणि पहिली भाकरी थापली. मग दुसरी. चाळीस झाल्यावरच थांबल्या.

पुढच्या मीटिंगला मी ऑफिसात चार खुर्च्या मांडल्या.

* * *

पावसाळ्यात पुण्याहून तपासणीला एक साहेब आले. सगळं पाहून खूश झाले. धुरांड्याची उंची त्यांनी लिहून घेतली. मग ओट्यापुढे अडखळले.

"हेडमास्तर, हा खड्डा कशाला?"

सगळं कबूल करायचं ठरवलं आणि सुरुवात कुठून करावी या शंकेत अडकलो. तेवढ्यात सारूबाई भाकरी उलटत म्हणाल्या,

"हाफिसाची पायरी हाय ती, सायेब. हितं आनली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धुरांड्याकडे पाहिलं.

"अहो बाई, मग ऑफिसला?"

"तितं आता लागत न्हाई."