मिसळीआधीची फवारणी

हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. पोरीचं ठरत आलेलं लग्न मी एका कॅप्सूलपायी मोडायला निघालो होतो!

झालं काय, गुडघेदुखीच्या गोळ्या मी उपाशीपोटी खायचो. रोज एक, ट्रॅक्टरवर चढायच्या आधी. झाला अल्सर. नाशिकच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोटातली जखम पाहिली आणि ॲसिड कमी करणारी कॅप्सूल दिली. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, दोन महिने, एकही दिवस न चुकवता. गुडघ्याची गोळी बंद, मिसळही बंद.

आता मी पडलो दिंडोरीचा द्राक्षवाला! ढग आले की रोगाच्या आधी औषध मारायचं, ऊन पडलं की हात आखडायचा. दहा दिवसांत पोट दुखायचं थांबलं, म्हणजे ऊन पडलं. मग रोज कशाला? उरलेल्या कॅप्सूल मी तिखट खायच्या दिवसांसाठी राखून ठेवल्या. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना सुचू नये?

अशात नामपूरहून दौलतराव सहकुटुंब आले. आमच्या प्राजक्ताला त्यांच्या मुलासाठी बघून झालं होतं, होकार तेवढा बाकी होता. रविवारी सकाळी दोन्ही घरची नऊ माणसं नाशिकला मिसळ खायला गेलो. तर्रीच्या वासाने मला राहवेना. खिशातून पट्टी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक कॅप्सूल ठेवली.

दौलतराव बिचकले. मी म्हणालो, "घ्या हो. तुम्ही कांदेवाले, तुम्हाला नाही कळायचं. ही पावसाआधीची फवारणी आहे."

होणाऱ्या व्याह्याचा मान म्हणून त्यांनी गिळली. मग सगळ्यांनीच गिळली. माझ्या बायकोने, मंगलने, टेबलाखालून मला लाथ मारली, पण मी कसला थांबतोय!

तेवढ्यात मिसळ आली. मी हात आडवा घातला. अर्धा तास कोणी घास घ्यायचा नाही, औषध लागू पडायला हवं!

नऊ माणसं मिसळीकडे बघत बसली. शेवेचा लगदा झाला. बाहेर नंबर लावलेले लोक दारातून शिव्या घालत होते. मिसळीत काही पडलंय का, असं मालक दोनदा विचारून गेला. अर्धा तास भरला तसा मी तुटून पडलो. दोन प्लेट, वर जास्तीची तर्री. बसून बसून गुडघा धरला होता, म्हणून त्याचीही गोळी घेतली. फवारणी झालीच होती ना!

परतताना नाशिकच्याच द्वारका चौकात अशी कळ आली की मी गाडीतच दुमडलो. दौलतरावांनीच मला धरून डॉक्टरांकडे नेलं. जखम अर्धवट भरली होती, तिच्यावर मी तिखट आणि गोळी दोन्ही ओतलं होतं. स्वतःचं औषध लोकांना वाटल्याबद्दल डॉक्टरांनी झापलं ते वेगळंच.

दौलतरावांनी हळूच विचारलं, "आम्ही आठ जणांनी बी गिळली ना, आमचं काय?"

"एका कॅप्सूलने काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण यांच्यापासून जपा."

गेलं स्थळ! तिसऱ्या दिवशी दौलतरावांचा फोन आला. "पोरगी पसंत हाय आम्हाला. फक्त एक अट. लग्नात जेवणाच्या मंडपात तुम्ही फिरकायचं नाय."

मला इतका आनंद झाला की मी लगेच कबूल केलं. लग्नात सगळा गाव गरमागरम जेवला, आणि नवरीचा बाप मंडपामागे खुर्ची टाकून मऊ वरण-भात खात होता. शेजारी मंगल होती, पहाऱ्याला.