मोरपंखी साडीचे अठरा रुमाल

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जादू शिकले. मोबाइलवर बघून, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. आमच्या घराण्यात मधल्या वयाच्या बाईने नवीन काही शिकायचं म्हटलं तर दोनच गोष्टींना हरकत नसते: भजन, आणि सासऱ्यांना इन्सुलिन टोचणं. दोन्ही मला येत होत्या. म्हणून मी तिसरी शोधली.

नाणं, दोरी, पत्ते असं सगळं करून पाहिलं, पण जीव बसला तो रुमालावर. रिकामी मूठ दाखवायची, तिच्यात बोटाने रुमाल कोंबायचा, फुंकर मारायची. मूठ उघडली की रुमाल नाही! तो कुठे जातो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पंचवीस वर्षांत मी त्याच्यापासून लपवलेली ही एकमेव गोष्ट आहे, असा त्याचा समज आहे. तो राहू द्यावा.

तर हा रुमाल माझ्याकडून एकदा फसला, आणि फसला तो नेमका पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. आम्ही मूळचे रोहण्याकडचे, शेती अजून तिकडेच, पण माझा नवरा आणि मोठे दीर दोघेही कधीचे पुलगावात आले. जाऊबाईंचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. साक्षगंध त्यांच्याच अंगणात होतं. जेवणं आटोपून मुलाकडची मंडळी पान खात बसली होती, तेव्हा पुतणी म्हणाली, "काकू, दाखव ना." मी दाखवला. ऑनलाइन मागवलेला लालभडक रुमाल होता, पाकिटावर 'सिल्क' लिहिलेलं. मुठीत कोंबला तर तो आतून फुगायला लागला. दाबावा तर बोटांच्या फटीतून लाल शेपटी बाहेर. मी फुंकर मारली आणि रुमाल टुण्णकन उडून व्याह्यांच्या पानाच्या तबकात पडला.

माझी नणंद समुद्रपूरला दिलेली. तिचा आवाज समुद्रपूरहूनही ऐकू यावा असा आहे. ती ओरडली, "वहिनी, तुमचा रुमाल पळून राह्यला वो, धरा त्याले!"

सगळं अंगण हसलं. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. पण निघताना जाऊबाईंनी मला दारात गाठलं. "हे पाह्य," त्या म्हणाल्या, "मांडवाच्या दिवशी हे खेळ नको करजो. सोयरे येतीन. हसं झालं ते झालं."

मी मान हलवली. तेवढ्यात मागून पुतणी आली आणि कानाशी म्हणाली, "काकू, तू करजोच. माह्यासाठी. आईले मी पाह्यते."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मांडवाच्या दिवशी, त्याच अंगणात, त्याच नणंदेसमोर तोच खेळ करायचा. हात माझे चुकले नव्हते. चुकलं होतं कापड. खरं रेशीम मुठीत दाबलं की गुमान बसतं आणि सोडलं की फुलतं. पॉलिस्टरला तो स्वभावच नाही. ते दबत नाही आणि वेळ पाहून उसळतं. थोडक्यात, आमच्या घराण्यासारखंच.

आता खऱ्या रेशमाचे रुमाल आणायचे कुठून? जादूचं सामान विकणारी दुकानं मोबाइलवर आहेत, पण तिथे एका रुमालाची जी किंमत होती, तेवढ्यात आमच्याकडे आठवड्याचा भाजीबाजार होतो. शेवटच्या करामतीला एकामागून एक बरेच रुमाल बाहेर निघावे लागतात. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मलमलचे घे ना, घाम तरी पुसता येईल." मी त्याला त्या दिवशी दुसरी पोळी वाढली नाही.

गाडी पकडून वर्ध्याला गेले. कापडाच्या मोठ्या दुकानात स्कार्फ काढायला लावले. दुकानदार प्रत्येक स्कार्फ झटकून म्हणे, "प्युअर हाय मॅडम, एकदम प्युअर." आता रेशीम ओळखायचं तर नुसतं हात फिरवून चालत नाही, मुठीत कोंबून बघावं लागतं. मी एक गुलाबी स्कार्फ उचलला आणि सवयीने अंगठ्याने मुठीत भरायला लागले. निम्मा आत गेला असेल नसेल, तोच दुकानदाराचा चेहरा बदलला. "मॅडम, ते बाहेर काढा."

"मी कापड पाहून राह्यली," मी म्हटलं.

"पाह्यनं डोळ्यानं असते, मॅडम. मुठीत नाई."

काउंटरवरच्या दोघी-तिघी माझ्या पर्सकडे बघायला लागल्या. मी मूठ उघडली. गुलाबी स्कार्फ त्यांच्यासमोर उसळून टेबलावर सांडला. पॉलिस्टर! माझी अब्रू वाचली ती त्या पॉलिस्टरमुळेच. खरं रेशीम असतं तर ते मुठीत असं काही मावलं असतं की मला चोर ठरवायला कोणाला फार वेळ लागला नसता. मी ताठ मानेने म्हटलं, "दादा, तुमचं प्युअर खोटं हाये," आणि बाहेर पडले. स्टेशनपर्यंत मान ताठ होती. गाडीत बसल्यावर मात्र जरा दुखली.

नंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीत भांडेवाली आली. जुने कपडे घेऊन त्याच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बाई. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं. आमच्या पुलगावात कोणाच्या घरात काय नकोसं झालंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, पण ती पाणी प्यायला ओट्यावर टेकली आणि बोचकं सैल झालं. त्यातून मोरपंखी रंगाचं एक टोक डोकावत होतं. बारीक पांढरी फुलं.

मी ते ओढलं. पाण्यासारखं हाताखालून सरकलं. एक धागा काढला, देवघरातली काडेपेटी आणली आणि पेटवला. केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटावर चिमूटभर राख राहिली. पॉलिस्टरची होते तशी गोळी नाही, चिकटपणा नाही. अस्सल!

आणि मग लक्षात आलं की ही साडी मला चांगली ओळखीची आहे. जाऊबाईंच्या घराच्या वास्तूला आम्ही केलेला आहेर. वर्ध्यालाच, दोन तास उभं राहून मी स्वतः निवडली होती. जाऊबाईंनी ती एकदाही नेसली नाही, हे मला दिसत होतं. पण "जपून ठेवली असेल" असं मी मनाला सांगत आले होते. जपून ठेवली होती, भांडेवालीसाठी.

मला फार लागलं. मी ओट्यावरच बसले. "ही त्या दोन गल्ल्या पलीकडच्या बाईनं देल्ली ना तुले?"

"कोनं देल्ली ते मी सांगत नसतो, बाई," ती पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी मागच्या साली ती जरीकाठी मले देल्ली, ते मी कोनाले सांगतलं का?"

ती जरीकाठी साडी जाऊबाईंनी मला दिवाळीला दिलेली होती. अंगाला टोचायची. तिच्या बदल्यात मी एक जाड बुडाची कढई घेतली होती आणि आजवर त्या कढईत एकदाही काही करपलं नव्हतं. माझा राग त्या कढईत जाऊन बसला.

"विकत देते का ही?" मी विचारलं.

"कपडा मी विकत नाई. कपड्यावर भांडं देतो. भांड्यावर कपडा कोन घेते?"

"मी घेते."

ती खूप हसली. अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी ती कढई गेली आणि नवऱ्याच्या दोन पँटी गेल्या. त्यांतली एक तो अजून वापरत होता, हे मला संध्याकाळी कळलं.

साडी हातात आली तशी एक भीती आली. मांडवात जाऊबाई समोर असणार. ओळखतील. वाटलं, काळी रंगवून घ्यावी. रंगाचा विचार मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच विचारलं, काऊन? साडी मी निवडलेली, मी परत मिळवलेली, आणि जादू मी शिकलेली. तोंड लपवायचं काम यात माझ्याकडे कुठे येतं? मी कात्री घेतली. पहिल्या कापाला हात थांबला. तो थांबला ते पन्हा मोजायला, एवढंच मी लिहीन. पदर बाजूला ठेवून अठरा रुमाल निघाले.

कडा दुमडायला फॉल-पिकोवालीकडे गेले. तिने गठ्ठा बघितला. "अठरा? एवढी सर्दी कोनाले झाली, ताई?"

"घरात लगन हाये," मी म्हटलं. तिला ते कारण पटलं.

पंधरा दिवस सराव केला. नवऱ्याला समोर बसवायचं आणि मूठ उघडायची. सोळाव्या दिवशी तो म्हणाला, "आता खरंच दिसत नाई." मग जरा थांबून, "माही पँट पण."

मांडवाचा दिवस उजाडला. दुपारची पंगत उठली, पाहुणे मांडवात सुस्तावले, आणि पुतणी हळदीच्या अंगाने उठून म्हणाली, "आता काकूची जादू." जाऊबाई मागे हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी भांडी घासायला निघून गेले असते. गेले नाही. नवरीने बोलावलं होतं.

पहिला रुमाल काढला. नणंद खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "या येळेस दोरीनं बांधून ठेवा, वहिनी!" चार-सहा जण हसले. मी रुमाल मुठीत भरला. तो आत गेला, दबला, बसला. फुंकर मारली, मूठ उघडली. काही नाही. दोन्ही हात पालथे करून दाखवले. मांडवभर टाळ्या पडल्या. पुतणी तर हळदीच्याच हातांनी टाळ्या वाजवत होती.

मग रिकाम्या मुठीतून रुमाल निघायला लागले. एक, दोन, तीन, एकमेकांना गाठी मारलेले, मोरपंखी, पांढऱ्या फुलांचे. पाचव्याला जाऊबाई ताट घेऊन दोन पावलं पुढे आल्या. नवव्याला त्यांचा चेहरा उतरला. मी थांबले नाही. अठरावा निघाला तेव्हा माझ्या पायांशी माळेचा ढीग पडला होता.

नणंदेने माळेचं टोक उचललं. "थांबा वो! ही साडी मी पाह्यली हाये. ताईवहिनीच्या वास्तूले तुमीच देल्ली होती ना ही?"

सगळे वळून जाऊबाईंकडे बघायला लागले. एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि ते खरंही होतं. पण त्या वाक्याच्या मागे एक कढई उभी होती. आणि खरं सांगायचं तर, मला माझ्या टाळ्या त्या भांडणात घालवायच्या नव्हत्या.

"हो, तेच," मी मोठ्याने म्हटलं. "जाऊबाईकडूनच आली रुमालाले. कापड अस्सल लागते ना."

जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर सारखा केला. "हो, मीच देल्ली," त्या म्हणाल्या. "मले नेसवत नव्हती, घसरे. म्हटलं, हिच्या जादूले तरी कामी येईन." आणि नणंदेकडे वळून, "तू काय फिदीफिदी हासत होती वं साक्षगंधाले? आता पाह्यलं ना? अजून एक डाव कर वं, मागच्यायले दिसलं नाई."

मी एवढे दिवस सराव केला होता. जाऊबाईंना उभ्या उभ्या जमलं.

खेळ दोनदा करावा लागला. नंतर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर त्या मागोमाग आल्या. दार लोटून घेतलं.

"तिले काय देल्लं तू?"

"एक कढई. अन् यायच्या दोन पँटा."

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. "मले त्या बाईनं एकच डबा देल्ला होता! त्याचंबी झाकन ढिलं." बराच वेळ त्या भांडेवालीलाच बोलत राहिल्या, आणि मला फार बरं वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक रुमाल दे मले त्यातला. चष्मा पुसाले."

"नाई मिळनार, ताई."

"काऊन? माहीच साडी ना?"

"होती. रुमाल आता कामावर हायेत. अठराचे सतरा झाले तर माळ अपुरी पडते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मांडवाच्या दिवशी मोठ्या जावेला नाही म्हणणारी बाई आमच्या घराण्यात त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मी डोळे खाली घातले नाहीत. शेवटी त्याच हसल्या. मग एकदम थांबल्या, भुवया वर गेल्या.

"पन कढई कोन्ती देल्ली? तुह्याकडे तर एकच होती, जाड बुडाची. ते कुठून आनली होती तू?"

मी कमरेला खोचलेल्या माळेतला एक रुमाल सोडवला, त्यांच्या तोंडासमोर मुठीत भरला, फुंकर मारली आणि मूठ उघडून दाखवली.