दाबून धरलेलं बटण

मला पाण्याची भीती वाटत नाही. उंब्रजला आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी भोपळा न बांधता पोहायला शिकले. पण वॉकीटॉकीच्या खरखरीची आजही वाटते. गणपतीच्या गर्दीत एखादा पोलीस खरखरता सेट घेऊन शेजारून गेला तरी मी आधी लेकीचा हात धरते. लेक आता सात वर्षांची आहे, ती तो सोडवून घेते.

याला कारण माझी जीभ आहे आणि एक बटण.

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यात सिग्नलला होते. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली तरी फोनवर समोरच्याचं बोलणं संपलं की ते अजून एक क्षण थांबतात आणि मगच बोलतात. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्यांच्या मनानं घेतलं की विहीणबाईंना कोयनेच्या पाण्यावर लाँचमधून फिरवून आणायचं. लग्नाला बारा वर्षं झाली, लेकीच्या सासरच्यांना आपण चहापलीकडं काही केलं नाही, हे त्यांना टोचत होतं. माझा नवरा तासगावला बागेत अडकलेला होता. द्राक्षाचे घड नुकते निघाले होते आणि आभाळाकडं बघून तो जेवायचाही विसरत होता. त्यामुळे सासरकडून आल्या सासूबाई आणि त्यांच्या दोन नणंदा, तिघी साठीच्या पुढच्या. माहेरचे आबा, आई, भाऊ आणि वहिनी. शिवाय मी आणि माझी पाच वर्षांची लेक.

लाँच लहान होत्या, दोन कराव्या लागल्या. त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नसते हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी खास या सहलीसाठी वॉकीटॉकीची जोडी मागवली होती आणि आदल्या दिवशी अंगणातून गच्चीवर बोलून बोलून ती पारखली होती.

धक्क्यावर त्यांनी सासूबाईंचा वर्ग घेतला. बटण दाबा, श्वासभर थांबा, मग बोला, बोलून झालं की ओव्हर म्हणा, मग... सासूबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून, तोंड पाण्याकडं करून उभ्या होत्या. व्याह्यांशी समोरासमोर बोलायची त्यांची रीत नाही. आबा सांगायचे त्यांना आणि त्या मान हलवायच्या माझ्याकडं बघून. मी पहाटे चारपासून दशम्या लाटून आले होते. लाँचवाले घाई करत होते. माझं टाळकं फिरलं. मी आबांच्या हातातला सेट घेतला, सासूबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आई, एवढंच लक्षात ठेवा. बोलायचं झालं की हे बटण दाबून धरायचं. सोडायचं नाही. सोडलंत की आवाज आमच्याकडं येणार नाही."

"आगं, पुरतं सांगू दे की मला," आबा म्हणाले. मी म्हटलं, ही काय लढाई आहे का, आणि निघाले.

आमचं दोघींचं फार जमत नव्हतं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, पण मी आमटीत मीठ घालून झाकण ठेवलं की त्या झाकण काढून चव बघत. मी लेकीची वेणी घातली की तासाभरानं ती सोडून पुन्हा घातलेली असे. माझं ऐकायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

जाताना दोन्ही लाँच जवळजवळ होत्या, सेटची गरजच पडली नाही. पलीकडच्या काठावर दत्ताचं देऊळ आहे, तिथं दर्शन घेतलं, झाडाखाली जेवलो. परतताना लेकीनं हट्ट धरला की आजीच्या लाँचमध्येच बसणार. मला ते आवडलं नव्हतं. पोहता येणारी मी इकडं आणि पोर तिकडं, तीन म्हाताऱ्यांच्यात. शिवाय लहान मुलांच्या मापाचं जॅकेट त्यांच्याकडं नव्हतं. तिला मोठ्यांचंच अडकवलं होतं आणि हात वर केले की ते डोक्यातून निघत होतं. पण विहिणींसमोर तमाशा नको म्हणून आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. आमची लाँच पुढं निघाली. त्यांची भांडी आवरायची राहिली होती, त्या मागून येणार होत्या.

डोंगराच्या वळणापलीकडं गेल्यावर वारं सुटलं. सकाळी ताटासारखं असलेलं पाणी उसळायला लागलं आणि लाँचच्या कडेवरून आत उडू लागलं. मी मागं बघत होते. वळणामागून दुसरी लाँच काही येईना.

तेवढ्यात आबांच्या हातातला सेट खरखरला.

"ऐकतीयास न्हवं गं? लाँच बंद पडलीया आमची. ऐकतीयास का?"

सासूबाईंच्या आवाजामागं लाटांचे फटके ऐकू येत होते, इंजिनचा दोर ओढल्याचा आवाज येत होता आणि माझी लेक रडत होती. आबांनी बटण दाबून ऐकतोय म्हणून सांगितलं. सोडलं, तर तिकडून तेच चालू. ऐकतीयास का, बोल की गं. आबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हात खाली घेतला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता.

"त्यांनी बटन सोडल्यालंच न्हाई," ते म्हणाले. "त्यांचं दाबल्यालं हाय तवर आपलं एक अक्षर तिकडं जायाचं न्हाई."

मला कळलं. कोणी काय सांगितलं होतं, तेही कळलं. आणि माणसाला स्वतःची चूक कळली की ते दुसऱ्यावर तुटून पडतं, तशी मी पडले. सेट हिसकावून घेतला आणि ओरडत सुटले. सोडा ते बटण, सोडा म्हणते ना. मग जे येऊ नये तेही तोंडातून आलं. या बाईला काडीची अक्कल नाही. हिच्या हातात मी माझी पोर दिलीच कशी. पोरीला काही झालं तर आयुष्यात हिचं तोंड बघणार नाही. आई, भाऊ, वहिनी सगळे ऐकत होते. कोणी मला अडवलं नाही, कारण सगळ्यांनाच भीती वाटत होती आणि बहुतेक प्रत्येकाला वाटत होतं की कोणीतरी ओरडावं.

मी अंगठा सोडला की त्यांचा आवाज यायचा. एका ओरडण्यानंतर तो आला तेव्हा त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, लेकीशी बोलत होत्या.

"रडू नगं. तुझी आई ऐकतीया तिकडनं. लय धीराची हाय ती, माज्यावानी भित्री न्हाई. येतीया बघ आता."

त्यानंतर मी सेट तोंडाजवळ नेला नाही.

आमच्या लाँचवाल्यानं केव्हाच लाँचचं तोंड मागं फिरवलं होतं, पण वाऱ्याविरुद्ध ती सरकता सरकत नव्हती. वळणावर पोचलो तर समोर नुसतं पाणी. देवळापर्यंतचा पट्टा मोकळा होता. वाऱ्यानं त्यांना कुठंतरी ढकललं होतं, आणि त्या पाण्याला हाताच्या बोटांसारखे फाटे आहेत, डोंगरात आत शिरलेले. दिवस कलला होता. एकेक फाटा धुंडायचा तर अंधार झाला असता. मला सारखं ते मोठं जॅकेट दिसत होतं, रिकामं, पाण्यावर तरंगणारं. मी ते शोधत होते आणि ते दिसू नये म्हणून डोळेही मिटत होते.

सेटमधून आता बोलणं कमी आणि पाणीच जास्त ऐकू येत होतं. मग त्यात दुसरं काही मिसळलं. आबांनी सेट कानाला लावला, मग लाँचवाल्याच्या कानाला लावला. गळ्यातल्या घंटा होत्या, पुष्कळ.

"जनावरं पान्याला उतरल्यात," लाँचवाला म्हणाला. "ह्या वक्ताला ती एकाच फाट्यात उतरत्यात." त्यानं लाँच डावीकडं वळवली.

अर्ध्या वाटेवर सेटमधला आवाज बंद पडला. खरखरही थांबली. त्यांच्या सेटचं चार्जिंग संपलं असेल, सतत दाबून धरलं की झपाट्यानं उतरतं, असं आबा म्हणाले. त्यांच्याही आवाजात खात्री नव्हती. आई जप करत होती. मी आयुष्यात एवढी कधी भ्यायले नाही. बाळंतपणात नाही, नवऱ्याच्या अपघाताच्या वेळी नाही. तोवर सासूबाईंचा आवाज मला छळत होता, आणि आता तोच आवाज पुन्हा यावा म्हणून मी सगळ्या देवांना हाका मारत होते.

फाट्याच्या तोंडाशी वळलो आणि लाँच दिसली. पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या झाडाला त्यांच्या लाँचवाल्यानं ती बांधून ठेवली होती. पलीकडं काठावर म्हशी पाणी पीत होत्या. दोन्ही नणंदा लाँचच्या तळाशी बसून होत्या. सासूबाईंनी पदर सोडून लेकीला जॅकेटसकट पोटाशी बांधून टाकलं होतं, गाठीवर गाठ मारून. लेक झोपली होती.

मी उडी मारूनच त्या लाँचमध्ये गेले. गाठी सुटता सुटेनात. सासूबाईंच्या उजव्या हातात सेट तसाच होता आणि अंगठा बटणावर, नख पांढरं पडलेलं. बोटं एकेक करून मला उघडावी लागली. त्यांचं डोकं उघडं होतं आणि समोर आबा उभे होते, तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"तू बोलत का न्हवतीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमीच बुडलासा. पोरीला सांगत हुते आई येतीया म्हनून, आन् मनात म्हनत हुते, हिला आता आई न्हाई."

मी पुन्हा गाठींना हात घातला. आबा पुढं आले. सिग्नलमध्ये जन्म घालवलेला माणूस, सेटच्या बाबतीत नातवंडांशीही खोटं न बोलणारा. ते म्हणाले, "मशिन बिघडलं हुतं, विहीणबाई. तुमचं यीत हुतं, आमचं जाईत न्हवतं."

ती गोष्ट तशीच राहिली. तासगावात त्या सगळ्यांना सांगायच्या, मशिन ऐन वेळेला बिघडलं. त्यांचं ते सांगणं कानावर आलं की मी दुसरीकडं निघून जायची. सेट आमच्याबरोबर तासगावला आले होते, ते कपाटात पडून होते.

गेल्या उन्हाळ्यात लेकीनं ते शोधून काढले. आबा चार दिवस राहायला आले होते, त्यांनी तिला शिकवलं, या वेळी पुरतं शिकवलं. ते गेल्यावर एका दुपारी सासूबाई आणि मी पडवीत बेदाण्याचे देठ काढत बसलो होतो. लेकीनं एक सेट आजीच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन अंगणात पळाली. सासूबाईंनी बटण दाबून हाक मारली आणि दाबूनच ठेवलं. लेक अंगणातून ओरडली, "आजी, सोड की. दाबलंस की माझं ऐकू येत नाही तुला."

सासूबाईंनी अंगठा उचलला. लेकीचा आवाज हातातून आला, अगदी स्पष्ट. त्यांनी बटण पुन्हा एकदा दाबून, सोडून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, तूच सांगितलं होतंस, सोडू नका म्हणून. इतक्या वर्षांत माझं त्यांनी अक्षरशः ऐकलं ते तेवढंच.

पण त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. सेट बाजूला ठेवला, सूप पुढं ओढलं आणि विचारलं, "म्हंजी तवा तू बोलत हुतीस?"

"हो."

"काय म्हनत हुतीस?"

मी हातातल्या बेदाण्याचा देठ काढला, मग नसलेलाही काढत राहिले.

"घाबरू नका, येतोय आम्ही, असं म्हणत होते."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यातले निम्मे बेदाणे स्वतःच्या सुपात ओढून घेतले.