गप्प बसायची खोप

बायको गेली तेव्हा गावानं मला एक क्षण एकटं सोडलं नाही. उपकारच आहेत गावाचे. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तरी माझ्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलंच. दुःखातल्या माणसाला एकटं ठेवायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. एकटा राहिला तर तो रडेल, विहीर जवळ करील, नाहीतर नुसताच विचार करत बसेल. यातलं तिसरं सगळ्यात वाईट, असं गावाचं मत.

तेव्हा ती मोठी लढाई चालू होती. पोरगा पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. घरात मी आणि मला सांभाळायला आलेली थोरली बहीण, आक्का. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बायको आष्ट्याकडची, सपाटीची. तिकडची माणसं शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलतात, आणि समोर बसली तरी तेवढ्याच आवाजात बोलतात. लग्न होऊन ती आली तेव्हा आमच्या म्हशी बुजल्या होत्या.

आणि त्याच बाईचा आवाज मला आठवेना.

चेहरा आठवायचा. चालणं आठवायचं. तिचं बोलणंही शब्दाला शब्द आठवायचं, पण ते माझ्याच आवाजात ऐकू यायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आक्कानं संध्याकाळच्या आत देवऋषी आणून बसवला असता.

पुढं साताऱ्याला बाजाराला गेलो, तिथं एका देवळात बुवा भेटले. त्यांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "रानात जाऊन बसा, डोळे मिटा. मन निवळलं की तळातलं दिसतं." मला दिसायला नको होतं, ऐकायला हवं होतं. पण म्हटलं, एवढा फरक बुवांनी सांभाळून घ्यावा.

आमच्या वरच्या पट्टीला लागून देवराई आहे. तिथली वाळली काडीसुद्धा उचलायची नाही, असा देवाचा कायदा. म्हणून एकट्यानं बसायला एक खोप माझ्या पट्टीत, राईच्या सावलीला बांधायची ठरवली. शाळा माझी चौथीपर्यंत, पण नकाशा काढायला ती फार झाली. जमिनीवर आडवा झालो, डोक्याशी एक दगड ठेवला, पायाशी एक. झालं लांबीचं माप. तेवढ्यात मला शोधत आक्का वर आली आणि दोन दगडांच्या मध्ये मला निजलेला बघून तिनं असा टाहो फोडला की खालचं गाव वर आलं.

पत्रा लढाईपायी मिळत नव्हता, आणि मला नकोच होता. कारवीचा कूड, वर गवत, आतबाहेर शेणमाती. झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून दारापर्यंत. मी मेल्यावर ती खोप पावसानं आपोआप मातीला मिळावी, पाडायचेही कष्ट कोणाला नकोत, असा बेत होता. खिडकी एकच, रानाकडं. दार मुद्दाम ठेंगणं ठेवलं. आमचा सुभेदार पोटानं मोठा, तो काही वाकून आत येणार नाही, असा माझा हिशेब.

सुभेदार म्हणजे माझा लहानपणीचा दोस्त. पेन्शनीत आलेला, आणि हुकूम द्यायला माणूस न मिळाल्यानं बेजार झालेला. तो दाराशी आला, वाकला नाही. गुडघ्यावर बसून रांगत आत आला. लढाईत शिकला होता म्हणे.

"ह्यात वारा कुटनं येनार रं?" त्यानं विचारलं. "बराकीला आमी समोरासमोर खिडक्या ठेवतो."

"मला एकट्याला किती वारा लागतोय?"

"एकटा? एकटा कशापायी? आमी मेलो व्हय?"

दुसरी खिडकी गावाकडं पडली. मग आक्का म्हणाली, "आरं, च्या कशावर करनार?" कोपऱ्यात चूल आली. चुलीसाठी लांबी वाढली. देवराईचा गुरव आला. त्यानं देवाला कौल लावला. देवानं परवानगी दिली, पण गुरवाला टेकायला बाहेर कट्टा असावा, अशी देवाची इच्छा निघाली. कट्टा झाला. एका माणसाच्या मापाची खोप बांधून झाली तेव्हा तिच्यात पंगत बसली असती.

तरी मी रोज जायचो. डोळे मिटून बसायचो. मला ध्यानात सोबत करायला सगळे यायचे. सुभेदार समोर मांडी घालून माझ्यावर पहारा करायचा.

"डोळा हालला रं तुझा."

"तू बघतोयस म्हणून हालला."

"मी न्हाई बघायचं तर कुनी बघायचं, गड्या?"

मग तो आणि गुरव कुजबुजत बोलायचे. त्यांची कुजबुज ऐकून झाडावरची माकडं पळायची. जर्मन कुठवर आला, साखर कुठं गडप झाली, ध्यानात शिंक आली तर अपशकुन धरायचा का. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे जे हवं होतं ते. वाटायचं, हे मेले एक दिवस गप्प बसले तर ती बोलेल. पुढं वाटायला लागलं, आता ती गेली ती गेलीच. पार गेली.

थंडीतली एक दुपार. चुलीवर दूध होतं. लाकडं ओली, धूर खोपीत कोंडलेला, कारण दोन खिडक्या सांगणाऱ्याला धुराडं सुचलं नव्हतं. आक्का खोकत होती. सुभेदार आणि गुरव हमरीतुमरीवर आले होते, विषय शांती. मी डोळे मिटून मनातल्या मनात दोघांना शिव्या देत होतो. आणि माझ्या कानामागून, आष्ट्याच्या बांधावरून यावा तसा आवाज आला:

"आवं! दूध चाललं की वर! डोळं मिटून काय बसलाय?"

तिचाच. खरखरीत, वरच्या पट्टीतला, शेवटाला चढणारा. मी ताडकन उठलो आणि हातानंच पातेलं उतरवलं. बोटं भाजली. दूध खरोखरच वर आलं होतं.

सगळे गप्प झाले. त्या खोपीत पहिल्यांदाच.

"लागलं का रं ध्यान?" सुभेदारानं हळूच विचारलं.

"लागलं."

"म्या सांगितलं न्हवतं, दुसरी खिडकी पायजे?"

मी तोंड फिरवून बोटं फुंकत बसलो. एवढा संसार झाला, पण ती बाई शांततेत कधी एक अक्षर बोलली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. जात्यावर, गोठ्यात, भांडणात, माणसांनी भरल्या घरात बोलायची. आणि मी तिला ऐकायला रानात जाऊन बसलो होतो, तेही सगळ्यांना हाकलायची खटपट करत.

आता सुभेदार नाही, गुरव नाही, आक्का नाही. खोप बेतल्याप्रमाणं मातीत गेली, फक्त कट्टा उरलाय, देवाची इच्छा म्हणून असेल. लेकाच्या घरी राहतो. घर चांगलं आहे, माणसं हळू बोलणारी. शांतता पाहिजे तेवढी आहे.

दुपारी सून शेजारी जाते. जाताना सांगते, "मामंजी, दुधाकडं ध्यान ठेवा." मी हो म्हणतो, चुलीकडं पाठ करून बसतो आणि डोळे मिटतो. दूध उतू जातं. सून म्हणते, म्हाताऱ्याचे कान गेले.