ठोका कुणाचा चुकला?

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गॅरेजात गाड्यांचे डेंट काढतात. दार चेपलं, बॉनेट दुमडलं, की गाडी त्यांच्यापुढे येते. आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडीने ठोकत ठोकत पत्रा मूळ जागी आणायचा. मग डोळे मिटून उघडा तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला बरोबर लागतो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. राग मात्र कायम नाकावर. मला ते ‘लीडरबाई’ म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं.

गेल्या वर्षी ते विसरायला लागले. आधी हातोडी कुठे ठेवली ते आठवेना. मग सरळ केलेलं दार पुन्हा सरळ करायला बसले. एकदा पांढऱ्या गाडीचं दार काळ्या गाडीला लावायला घेतलं आणि हसणाऱ्यांवरच डाफरले. गॅरेजच्या शेठने हे सगळं पाहिलं. शेठ तोंडाचा गोड. “मास्तर, आता आराम करा,” एवढंच म्हणाला. आराम करा म्हणजे येऊ नका, हे न कळण्याइतकं भाऊजी काही विसरले नव्हते. ते हट्टाने जातच राहिले, पण त्या दिवसापासून कुणी नुसती विचारपूस केली तरी त्यांना वाटायचं, हा शेठचा माणूस.

त्याच सुमारास मोठ्या हॉस्पिटलात एक संशोधन सुरू झालं. रक्तवाहिन्या कडक होणं, हृदयाची लय बिघडणं आणि म्हातारपणी विसरणं, यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते शोधायचं होतं. मीच भाऊजींना रेटून नेलं. रक्तदाब जास्त निघाला, पण ईसीजीची पट्टी स्वच्छ आली. आता लय काही चोवीस तास बिघडलेली नसते. बिघडते, आपोआप जागेवर येते, पुन्हा बिघडते. तपासताना नेमकी जागेवर असली तर माणूस ठणठणीत ठरतो. म्हणून पुढे प्रश्न विचारायचे आणि हो म्हणणाऱ्याच्या छातीला दिवसरात्र लय टिपणारं यंत्र लावायचं, अशी त्यांची पद्धत होती. मला बाहेर बसवलं. नातेवाइकाने मध्ये बोलायचं नाही म्हणे.

भाऊजी बाहेर आले ते छाती पुढे काढून. यंत्र नाही, काही नाही. “पास झालो,” म्हणाले.

घरी जेवताना उलगडा झाला.

“आत प्रश्न विचारायला बसलेल्या त्या पोरीने काय विचारावं? म्हणे, ठोका चुकल्यासारखा वाटतो का! मी लगेच ओळखलं, शेठने पढवून बसवलीय. म्हटलं, बाई, उभ्या जन्मात माझा ठोका चुकलेला नाही. ठळक अक्षरात लिही.”

ताईचा वाढायचा हात तसाच राहिला. “अहो, ती काळजाच्या ठोक्याचं विचारत होती!”

“मग काळीज म्हणायला तिची जीभ झडत होती का? माझ्या हातात आयुष्यभर हातोडी. ठोका म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार?”

मी हसले. पोट धरून हसले. आणि हसता हसताच धसका बसला.

“भाऊजी, छातीत कधी फडफडतं का हो?”

“फडफडतं की. कबुतर अडकल्यागत. हातोडी खाली ठेवतो, पाणी पितो, मग बसतं.”

“कधीपासून?”

“असतील दोन-तीन वर्षं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?” ताई ओरडली.

“विचारलं कुणी?”

दुसऱ्या दिवशी मी त्या संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर उभी होते. ताई आणि भाऊजी मागे. बाई म्हणाल्या, “एकदा दिलेलं उत्तर आम्हाला बदलता येत नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, त्याच शब्दांत. नाहीतर अभ्यासाला अर्थ राहत नाही.”

“आणि प्रश्नच कळला नाही तर अर्थ राहतो?” माझा आवाज चढला. “अभ्यास तुमचा असेल, माणूस आमचा आहे! त्याचं डोकं रोज थोडं थोडं रिकामं होतंय आणि तुम्ही शब्द जपत बसलाय?”

“लीडरबाई, हळू,” भाऊजी पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा. तुमच्या मानापायीच इथवर आलोय!”

बाई चिडल्या नाहीत, त्यामुळे मी जास्तच चिडले. त्यांनी भाऊजींना विचारलं, “छातीत काय होतं, तुमच्या शब्दांत सांगा.” कबुतर ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “यांना मी अभ्यासातून काढते आणि साधे पेशंट म्हणून यंत्र लावते. आज, आत्ता.”

यंत्राने कबुतर पकडलं. लय बिघडत होती, तीही वारंवार. मग मेंदूचा फोटो काढला. त्यात बारीक बारीक जुने डाग दिसले. अशा लयीमुळे हृदयात रक्ताची गुठळी होते, ती वर जाऊन मेंदूतली वाहिनी बंद करते. कधी माणूस धाडकन पडतो, कधी त्याला कळतही नाही. भाऊजींना कळलं नव्हतं.

“गेलेलं परत येईल?” ताईने विचारलं.

“तसं वचन देता येत नाही. मोठा झटका टाळायचा आपण प्रयत्न करू. विसरणं त्याने किती थांबतं, तेच अजून शोधतोय.”

रक्त गोठू न देणारी गोळी सुरू झाली. कापलं तर रक्त सहज थांबणार नाही, म्हणून पत्र्याला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, अशी ताकीद. पहिल्या दिवशी आम्ही दोघीही सोबत गॅरेजात गेलो. भाऊजींनी मोजे चढवून एका दारावरून तळवा फिरवला आणि ते उपटून फेकून दिले. “हात मुका झाला. असला हात घेऊन शेठपुढे उभा राहू? गोळी बंद.”

ताईने मोजे उचलले. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

“करा बंद. पण उद्या मला ओळखलं नाहीत, तर कोण म्हणून समोर येऊ ते आजच सांगून ठेवा.”

भाऊजींनी तिच्या हातातून मोजे घेतले.

आता ते ठोकताना आणि कापताना मोजे घालतात. कडा घासून बोथट केल्यावरच काढतात आणि तळवा फिरवतात. काम दुप्पट वेळ घेतं. शेठ घड्याळाकडे बघतो आणि भाऊजी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हॉस्पिटलात तो प्रश्न अजून त्याच शब्दांत विचारतात. बदल वरून मंजूर व्हावा लागतो म्हणे. मी दर आठवड्याला जाऊन तिथल्या बाकावर बसते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, “बाबा रे, ते तुझ्या काळजाबद्दल विचारणार आहेत.” मला उठवायला त्यांनी दोनदा वॉचमन पाठवला. तिसऱ्यांदा पाठवून बघा.