थोरल्या जावेनं केलेली नक्कल

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी देवगाव फाट्याजवळच्या एका गावात आमच्या ट्रेनिंगची पार फजिती झाली... आणि त्या फजितीतच सगळ्यांचं भलं झालं. भांडणाऱ्या दोघींना विचारून लिहितेय, नावं तेवढी बदललीत.

मी सेलूत कापडाचं दुकान सांभाळते. सुट्टीच्या दिवशी भांडणं मिटवायला मदत करणाऱ्या आमच्या गटासोबत गावोगाव जाते. या कामात निवाडा द्यायचा नसतो, दोन्ही बाजूंना बोलतं करायचं आणि आपण गप्प बसायचं... माझ्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच म्हणा!

भांडण होतं दोन सख्ख्या जावांचं. धाकटी सुनीता दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, तेव्हा तिची तिसरीतली पोर थोरल्या कौसाबाईंकडे राहते. गेल्या उन्हाळ्यात सुनीता परत आली, तर लेकीचे लांबसडक केस कापलेले. तिनं भर गल्लीत थोरलीला सुनावलं... "लोकाच्या लेकराला कुनी असं जपतं का?"

त्या दिवसापासून अबोला. आता ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली आणि कौसाबाई म्हणाल्या, यंदा तुझं लेकरू तूच ने. म्हणजे पोरगी उसाच्या फडावर, आणि शाळा सुटल्यात जमा. पोरीच्या बापानंच आम्हाला बोलावलं होतं.

अंगणवाडीच्या खोलीत दोघींना बसवलं. आमची एक पद्धत आहे... एकीनं मन मोकळं करायचं आणि दुसरीनं जे ऐकलं ते तिला परत सांगायचं. नीट ऐकलं की नाही ते कळतं, आणि बोलणाऱ्याचं मनही शांत होतं. असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं हं!

सुनीता बोलली. मग मी कौसाबाईंना म्हटलं, आता तुम्ही सांगा, काय ऐकलंत?

आणि बाईंनी चक्क नक्कल सुरू केली! तोच आवाज, तसाच पदर खोचणं, मान उडवणं... दारात जमलेल्या बायका पोट धरून हसायला लागल्या. सुनीता लालबुंद झाली. म्हटलं, आता झिंज्या धरतात या.

थांबवायला तोंड उघडलंच होतं... पण का कोण जाणे, थांबले.

कौसाबाई नक्कल करतच होत्या. "फडावर ऊस तोडून हात भरून यायचे, तरी रोज सांजच्याला हाताला लेकीच्या येणीची सय यायची. घरी गेल्यावर तेल लावून येणी घालीन, म्हून दिस काढले... अन् आले तं..."

पुढचं वाक्य निघेना. सुनीताचा आवाज काढता काढता बाईंना स्वतःलाच रडू फुटलं. दारातलं हसू कुठल्या कुठं गेलं.

मग नक्कल संपली आणि खरं बोलणं सुरू झालं. "येडे, उवा झाल्या होत्या गं लय. शाळेतल्या पोरी तिच्याजवळ बसंनात. तुला फोनवर सांगितलं असतं तं तिकडं घोर लागला असता... पन लोकाचं लेकरू कामून म्हनलीस? मला ती मोठी आई म्हनती."

सुनीता सरकत पुढं आली आणि थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "चुकलं अक्का," एवढंच. पोरीची शाळा तिथंच वाचली. आणि मी? मी पाण्याचा तांब्या धरून बसले होते, डोळे पुसत.

टोळी दसऱ्यानंतर गेली. काल संध्याकाळी कौसाबाईंनी मला एक फोटो पाठवला... पाठमोरी पोरगी, उंदराच्या शेपटीएवढ्या दोन वेण्या, वर लाल रिबिनी. सोबत त्यांचा आवाज, "ताई, तिच्या मायला रोज धाडायलेय. केस वाढायलेत म्हनावं, काळजी करू नको."

कितीदा पाहिला तो फोटो! तिकडं फडावर दमल्या हातांनी मोबाईल धरून सुनीताही तोच बघत असेल... त्या दोघींनी मला त्यांच्यात बसू दिलं, याचे उपकार कसे फेडू?