व्हडल्या घराच्या स्वयंपाकघरात

कोल्हापूरहून सकाळची एसटी सुटली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "गोव्याला? समुद्रावर?" मी म्हटलं, "नाही हो, इटालियन स्वयंपाक शिकायला." बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बरोबरच आहे. बासष्टाव्या वर्षी पास्ता शिकायला कोण जातं?

खरं सांगते, मला पास्त्याचं काडीचंही कौतुक नाही. लेकीने मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. डिचोली तालुक्यात लाटंबार्से गावी एक कुटुंब आपल्या जुन्या घरात पाहुण्यांना इटालियन पदार्थ शिकवतं. घर पाहिलं आणि मी फोटो बोटांनी मोठा केला. ते व्हडलें घर (मोठं घर) होतं. माझे वडील सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे आणि आई व्हडल्या घरी भात कांडायला, अंगण सारवायला जायची. मी तिचा पदर धरून मागे. चौदाव्या वर्षी गाव सुटेपर्यंत तिथलं अंगण, गोठा, विहीर सगळं मला पाठ झालं होतं. स्वयंपाकघर मात्र कधीच पाहिलं नाही. आम्ही तिथे जायचं नाही, बस्स. आमचं जेवण मागच्या पडवीत, आमची ताटं वेगळी.

आणि आता त्याच स्वयंपाकघरात कुणीही नाव नोंदवून जाऊ शकत होतं! मी सासरच्या आडनावाने नाव नोंदवलं. कुणाची मुलगी हे सांगायचं नाही, एकदा आत उभं राहायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. कुणी ओळखलं आणि चेहरे बदलले तर? घाटभर मी सासरचं आडनाव घोकत राहिले.

दोडामार्गला बस बदलली. कंडक्टरने विचारलं, "खंय देंवतली?" (कुठे उतरणार?) मी व्हडल्या घराचं नाव सांगितलं. तो हसला. "आतां ताका पास्त्याचें घर म्हणटात, मावशे!"

उतरले तर काजूच्या बोंडांचा तोच आंबूस वास. हा वास मी कोल्हापुरात किती वर्षं आठवायचा प्रयत्न केला होता, आणि इथे तो फुकट रस्त्यावर सांडलेला. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, वर नवी कौलं, तुळशीपुढे रांगोळी. घर कसं लखलखीत! आणि माझे पाय बघा, पिशवी घेऊन सरळ घराला वळसा घालून मागच्या दाराकडे निघाले.

"ओ ताई, इकडून, इकडून!" पुढच्या दारातून एक पोट सुटलेला हसरा माणूस हाका मारत होता. हा उल्हास, घरातला मुलगा. आयुष्यभर बोटीवर इटालियन आचाऱ्यांच्या हाताखाली राबून परत आलेला. मी गाव सोडलं तेव्हा हा चड्डीत फिरायचा.

त्याच्यामागून मी उंबरा ओलांडला. एवढंसंच होतं ते. दोन चुली, एक मोठा ओटा, पितळेच्या भांड्यांचं फडताळ, आणि मध्ये आम्हा पाच शिकणाऱ्यांसाठी टाकलेलं लांब टेबल. लहानपणी मला वाटायचं आत काय राजवाडा असेल. हसू आलं.

चुलीजवळ खुर्चीत उल्हासची आई बसली होती. माई. पंच्याऐंशीच्या घरातल्या, पण नजर तशीच धारदार. मी मान खाली घालून रवा मळायला लागले. उल्हास सांगत होता, "घर कुलूप लावून ठेवायचं की माणसं आत घ्यायची, एवढाच प्रश्न होता. माई दोन वर्षं नाही म्हणत होत्या. शेवटी देवाला प्रसाद लावला." म्हणजे मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल मागायचा. उजवी पाकळी पडली, देव हो म्हणाला. मग माई काय बोलणार! पण अटी घातल्याच. अंडं नाही, मांस नाही. म्हणून रवा आणि पाण्याचाच पास्ता, अंगठ्याने दाबून केलेला, कानाच्या पाळीसारखा.

उल्हासने टोमॅटोच्या रश्श्यात बेसिलची हिरवी पानं टाकायला घेतली तशा माई कडाडल्या, "तुळस रांदतात?" (शिजवतात?)

"माई, ही तुळस न्हय, तिची भयण." (बहीण.)

"भयण म्हणून शिजोवपाची?"

आम्ही सगळे हसलो. पानं शेवटी वरून घातली, कच्चीच.

त्याच टेबलावर जेवलो. जेवण झाल्यावर बाकीचे गप्पा मारत बसले. मी उठले, मागे विहिरीवर जाऊन ताट धुतलं आणि कठड्यावर पालथं घातलं. काही विचार केला नव्हता, हातांनी केलं. वळले तर दारात काठी टेकून माई.

"अशें ताट सत्यवती दवरताली," त्या म्हणाल्या. (असं ताट सत्यवती ठेवायची.) "तूं तिची धूव न्ही गो?"

झालं. संपलं सोंग. "होय माई. मुलगी."

"आवय बरी आसा?"

"गेली. अकरा वर्षं झाली."

माईंनी कठड्यावरच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिका हांवें भायरच जेवूंक घातलें. आमकां तशेंच शिकयल्लें." (तिला मी बाहेरच जेवायला घातलं. आम्हाला तसंच शिकवलेलं.)

"आमकांय," मी म्हटलं. आम्हालाही.

त्यांनी नजर चुकवली नाही. "तें ताट थंय नाका. भितर हाड." मी आत नेलं. माईंनी ते स्वतःच्या हाताने पुसून फडताळात इतर ताटांमध्ये लावलं. मला रडू फुटलं. आनंद होता आणि रागही होता. हे बघायला आई हवी होती, मी नाही. त्या रात्रीचा मुक्काम तिथेच होता. रात्री जेवून उठताना हात पुन्हा ताटाकडे गेला, तर माई म्हणाल्या, "दवर गो." ठेव. रिकाम्या हातांनी उठणं इतकं जड जातं हे मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या घाटात झोप लागली नाही. घरी आल्यावर लेकीला पास्ता करून घातला. बरा झाला होता, थोडा कच्चट. खाऊन ती उठली आणि ताट घेऊन मोरीकडे निघाली. आमच्या घरात प्रत्येकाने आपलं ताट आपण धुऊन पालथं घालायचं. मला आईने शिकवलं, मी लेकीला. चांगली सवय म्हणून चारचौघांत मिरवलीही.

"ठेव ते," मी म्हटलं.

"का गं?"

"तू बस. आज मी धुते."